ताडकळसच्या बाजारातली प्लास्टिकची काच

पूर्णेला माझं पहिलं स्वागत केलं ते मन्मथच्या दाराच्या कडीनं. स्टेशनवरून सकाळच्या थंडीत कुडकुडत आलो होतो. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात रबरी तळाचे बूट. बोट कडीला लागायच्या आधीच टक् असा आवाज झाला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आतून हसण्याचा आवाज आला.

"बसला न झटका? ही कडी समद्या पाहुण्यांला असाच नमस्कार करते," मन्मथ दार उघडत म्हणाला.

मी मूळचा चिपळूणकडचा. आमच्याकडे पापड डब्यातून काढून ताटात ठेवेपर्यंत मऊ पडतो. हवेत एवढं पाणी की अंगावर साठलेली वीज केव्हा निघून जाते ते कळतसुद्धा नाही. परभणी जिल्ह्यातला हिवाळा मात्र कोरडा ठणठणीत. ओठ फुटतात, टाचा फुटतात, रात्री रजई झटकली तर ठिणग्या दिसतात. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांना हे खोटं वाटेल, पण या ठिणग्यांपायीच मी तिथे गेलो होतो.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. उपकरणांवर मुद्दाम ठिणग्या पाडायच्या आणि ती टिकतात का ते पाहायचं, हे माझं काम. मन्मथ माझा तंत्रनिकेतनातला खोलीसोबती. त्याच्या घरी पिढ्यांपासून आडत दुकान. त्यानं मात्र घरामागच्या पत्र्याच्या खोलीत धान्यातला ओलावा मोजणारं हातात मावेल एवढं मीटर तयार केलं. मूठभर सोयाबीन नरसाळ्यातून ओतायचं, बटण दाबायचं, आकडा दिसतो. त्या आकड्यावर मालाचा भाव ठरतो.

अडचण अशी होती की मागच्या हिवाळ्यात ताडकळसकडच्या एका शेतकरी कंपनीच्या खरेदी केंद्रावर हे मीटर भर गर्दीत गोठलं. कोरडं सोयाबीन प्लास्टिकच्या नरसाळ्यातून घसरताना वीज साठते, माणसाचं बोट जवळ गेलं की ठिणगी उडते आणि मीटर तिथेच अडकून बसतं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते बंद पडलं नाही, आधीच्या शेतकऱ्याचा आकडा पुढच्याच्या मालाला दाखवत राहिलं. एकाचा ओला माल, दुसऱ्याच्या माथी. केंद्रावर आरडाओरडा झाला आणि मीटर परत आलं.

मन्मथनं आतली जुळणी बदलली होती. कंपनीच्या अध्यक्ष गोदावरीबाई चार दिवसांनी ते पुन्हा पाहायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर कारखाना चालणार. नाही तर मन्मथनं पत्र्याच्या खोलीला कुलूप लावून आडतीच्या गादीवर बसायचं, असं त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, ठरवून टाकलं होतं. अप्पांनी हे मला पहिल्या चहालाच सांगितलं, अगदी शांतपणे.

"पाहुणे, मी त्याला नको म्हणत न्हाई. पण एकदा केंद्रावर शिव्या खाल्ल्यात. दुसऱ्यांदा खाल्ल्या तर दुकानाचं बी नाव जातंय."

अप्पा पांढऱ्या धोतरातले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय चहाही घेत नाहीत. मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. खिशात नेहमी सोयाबीनचे दोन-चार दाणे. एखादा दाढेखाली धरून कट् करून फोडायचे आणि ओलावा सांगायचे.

तपासणीसाठी प्रयोगशाळेचं ठिणगी पाडायचं पिस्तूल मी रीतसर परवानगीनं आणलं होतं. बाकीची मांडणी इथेच करायची होती. ती सोपी असते. लाकडी टेबल, त्यावर धातूचा पत्रा, पत्र्यावर वीज जाऊ न देणारा एक पातळ पडदा आणि त्या पडद्यावर मीटर. सगळी मदार त्या पडद्यावर. तो चांगला असेल तर ठिणगी मीटरवरच बसते आणि खरं काय ते कळतं. तो गळका असेल तर ठिणगी मीटरला बगल देऊन पत्र्याकडे पळते आणि कच्चं मीटरही पास झाल्यासारखं दिसतं.

असा एक उत्तम पडदा मी पुण्याहून गुंडाळी करून आणला होता. गाडीत समोरच्या बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, पेरू कापायला जरा द्याल का?" मला नाही म्हणता येत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला कायम टोचणी असते. त्यांनी त्यावर पेरू कापले, तिखटमीठ लावलं, मलाही चार फोडी दिल्या. पेरू गोड होते. सकाळी पाहिलं तर पडद्यावर सुरीच्या खोल रेघा. ठिणगी त्या रेघांतून आरपार गेली असती.

मन्मथला सांगताना मी मान वर केली नाही. तो म्हणाला, "पेरू कसे होते?"

"चांगले होते."

"मग झालं की. उद्या ताडकळसचा बाजार हाय. तिथं बघू."

मन्मथच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी वाढली. आमच्याकडे नारळाशिवाय आमटी होत नाही. इथे ती नारळाविना एवढी दाट कशी, म्हणून मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दाणेच वाटून घातलेत. निम्मे तरंगतेत, निम्मे विरघळलेत." मी तीन भाकरी खाल्ल्या. पडदा बिघडवून आलेल्या माणसानं तीन भाकरी खाव्यात का, हा विचार हात धुताना आला.

ताडकळस

बाजाराला निघण्याआधी आम्ही सलीमभाईंकडे थांबलो. स्टेशनच्या वाटेवर त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं तांबं काढायचं आणि नवं भरायचं. त्यांच्याकडे हातानं फिरवायचा मेगर आहे, म्हणजे एखादी वस्तू वीज किती अडवते ते दाखवणारा डबा. सलीमभाईंनी तो फडक्यात गुंडाळून दिला. "वापस आणा जनाब. मागच्या वेळी मन्मथनं नेला व्हता, तर ईदला गेलेला दसऱ्याला आला."

मोटारसायकलवर मागे बसून, मेगर मांडीवर धरून मी ताडकळसला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, करडई आणि पोटरीतली ज्वारी. गुडघ्यांना वारा झोंबत होता, पण ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. पुण्यात मी ऊन कधी पाहतो ते आठवेना.

बाजारात वाळली मिरची, गूळ, घोंगड्या, प्लास्टिकच्या घागरी, दावी आणि घंटा एकाच रांगेत. आम्ही वस्तू उचलायचो, दोन चिमटे लावायचो आणि मी हँडल फिरवायचो. पाचव्या मिनिटाला आमच्याभोवती गर्दी.

"काय तपासायलेत हो?"

"वीज मंडळाचे सायब हायेत. तारेवर टाकलेले आकडे पकडायलेत."

"बाजारात कुठं आकडा बापा?"

"आता घागरीत बी शोधायलेत बघ."

एका दुकानदारानं जाड काळी रबरी चटई पुढे केली. "सायब, हे घ्या. ह्याच्यावर हुबं राहून इजंच्या तारेला हात लावा, काय होत न्हाई." मी चिमटे लावले. काटा खाली आला. काळ्या रबरात काजळी घातलेली असते, ती वीज थोडी थोडी नेते. मी त्याला तसं समजावून सांगितलं आणि तारेला हात लावू नका म्हणून दोनदा बजावलं. तो मन्मथकडे वळून म्हणाला, "कोकणातले हायेत न? घ्यायचं नसलं की असंच गोड बोलतेत."

बाभळीची फळी चांगली दिसली, पण नुकतीच कापलेली, आतून ओली. काटा तिथेही उतरला. मन्मथच्या टेबलाचं सागवान जुनं आणि वाळलेलं होतं म्हणून चालणार होतं. पण तेही पावसाळ्यात पाणी ओढतं, लाकडावर एकट्यानं भरवसा ठेवता येत नाही. भाजी चिरायचा पांढरा पाट मेगरवर उत्तम ठरला, पण फार जाड आणि लहान. टेबलावर अंथरायचा पारदर्शक कागद मऊ पडण्यासाठी तेलकट केलेला असतो, त्यावर धूळ चिकटते आणि धुळीतून वीज वाट काढते. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होतो. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "पोरीचं स्थळ बघायलाय का गा? ह्यात ही खोट, त्यात ती खोट."

शेवटी देवांच्या तसबिरी विकणाऱ्याकडे आम्ही थांबलो. त्याच्या मोठ्या तसबिरींना काचेऐवजी पातळ पारदर्शक प्लास्टिक लावलेलं होतं. कसलं प्लास्टिक ते त्यालाही माहीत नव्हतं. "फुटत न्हाई, एवढंच मला ठावं," तो म्हणाला. मी मेगर फिरवला. काटा जागचा हलला नाही. जाडी हवी तेवढीच, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. स्वेटरच्या बाहीवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेलं तर कपटे उड्या मारून चिकटले आणि चिकटूनच राहिले. वीज धरून ठेवणारी वस्तू, म्हणजे वीज वाहू न देणारी वस्तू. प्रत्येक ठिणगीनंतर तिच्यावर साठलेली वीज उतरवावी लागते, पण तेवढी सोय आमच्याकडे होती.

त्यानं एक मोठा तुकडा गुंडाळून दिला. "कोणता देव बसवायलात?" त्यानं विचारलं.

"मीटर," मन्मथ म्हणाला.

तसबिरवाल्यानं आमच्याकडे जरा दयेनं पाहिलं.

मेगर त्याच संध्याकाळी सलीमभाईंना परत केला. त्यांनी मन्मथकडे पाहून कॅलेंडरकडे बोट केलं आणि मान डोलावली.

पूर्णेची पूजा

दुसऱ्या दिवशी तुकडा कापून दोन पडदे केले. एक पत्र्यावर अंथरला, दुसरा कागदात गुंडाळून ठेवला. पिस्तूल जोडलं. मी सुरुवात करणार तेवढ्यात अप्पा आत आले. मागे ताट घेऊन वहिनी.

"नवा तराजू असो का नवी बैलगाडी, भस्म लावल्याबिगर आमच्यात सुरू होत न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी नारळ फोडला, हात जोडले आणि भस्माची डबी माझ्यापुढे धरली. "पाहुणे, तुमच्या हातानं लावा. तुमी लांबून आलाव."

ज्या म्हाताऱ्याला हा कारखाना नको होता तो स्वतः येऊन त्याची पूजा करत होता, आणि मान मला देत होता. मला भरून आलं. ताटात एक वाटी पाणी होतं. त्यात तीन बोटं बुडवली, भस्मात टेकवली आणि पडद्यावर चांगले ठळक, लांब पट्टे ओढले. पडद्यावरून सुरू होऊन पार खाली धातूच्या पत्र्यापर्यंत. कंजूषपणा केला असं वाटायला नको म्हणून जरा जास्तच लांब.

पडदा स्वच्छ हवा, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला शिकवतो. त्या क्षणी ते माझ्या मनात आलंही. पण भस्म पुसायचं? अप्पांच्या देखत? वाळल्यावर ती राख काय करणार आहे, अशी मीच माझी समजूत घातली आणि मीटर त्या पट्ट्यांवरच ठेवलं.

मग ठिणग्या सुरू झाल्या. समोरून, बाजूनं, बॅटरीच्या झाकणाच्या फटीवर. एरवी ठिणगीचा आवाज कडीच्या झटक्यासारखा असतो, टक्, कोरडा. झाकणाच्या फटीवर मात्र फस्स असा मऊ आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मी पुन्हा पाडली. पुन्हा फस्स. मीटरचा आकडा हलला नाही. मन्मथ आकड्यावर वाकून उभा होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "गोठलं नाही."

ते खरंच होतं. पण आवाजाबद्दल मी बोललो नाही. मन्मथनं मला मिठी मारली, वहिनींनी खोबऱ्यात साखर घालून सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि अप्पा पहिल्यांदाच मीटर हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागले. त्या खोलीत मी आवाजाचं काय सांगणार होतो?

चुडावा

दुसऱ्या दिवशी येळवस. हा सण आमच्या कोकणात नाही आणि पुण्यातही कुणी करत नाही, म्हणून थोडं सांगतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच भागांत मार्गशीर्षातल्या या अमावास्येला घरातलं कुणी घरात थांबत नाही, सगळे शेतात जातात. कडब्याची खोप करतात, आत दगड मांडून पूजा करतात आणि दिवसभर उभ्या पिकात बसून जेवतात. अप्पांची जमीन चुडाव्याच्या शिवारात, रेल्वेच्या रुळांपासून जवळ. गाडी गेली की हरभऱ्यातली पोरं हात हलवायची आणि गाडीतले लोकही हलवायचे.

जेवण असं की शेतातून उठूच नये. माठात थंडगार आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेलं. सगळ्या शेंगा, दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी. बाजरीचे वाफवलेले उंडे. वाटेवरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून बसवत होते. आमच्याकडे पाहुणा जेवणाच्या वेळेला आला तर आधी विचारतो, जेवून आलात का. इथे विचारत नाहीत, पान मांडतात.

पूजेच्या वेळी अप्पांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी वाटीत धरलं. कालचीच वाटी. "घ्या पाहुणे, आधी तीर्थ," ते म्हणाले. मी बोटं बुडवली आणि जिभेला लावली. गोड, जराशी खारट.

काल त्या वाटीत साधं पाणी नव्हतं. नारळाचं पाणी होतं. त्यात क्षार असतात आणि ते वाळलं की चिकट थर राहतो. त्यात राख कालवून मी माझ्या हातानं मीटरच्या खालून थेट पत्र्यापर्यंत विजेसाठी वाट आखून दिली होती. फस्स म्हणजे ती वाट. झाकणाच्या फटीतली ठिणगी मीटरमध्ये गेलीच नसावी. भस्मावरून पळून गेली असावी.

मी भज्जी वाढून घेतली आणि खाऊ शकलो नाही. उद्या गोदावरीबाई येणार. मी गप्प राहिलो तर त्या मीटर घेऊन जातील, पुन्हा कुणाचा ओला आकडा कुणाच्या तरी कोरड्या मालाला लागेल आणि तो शेतकरी काय बोलणार? यंत्र म्हणतंय, म्हणून गप्प बसेल. बोललो तर मन्मथचा आनंद जाईल आणि अप्पांच्या पूजेला मी दोष दिल्यासारखं होईल. खोपीच्या सावलीत मन्मथ आणि अप्पा दोघंच बसले होते. मी जाऊन बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं.

मन्मथचा चेहरा उतरला. "काल कामून न्हाई बोललास?"

"सगळे हसत होते."

"मग? हसणाऱ्यांला सांगितलं तर काय ते मारतेत का?" तो उठला, बांधापर्यंत गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

मी अप्पांकडे पाहायचं टाळत होतो. म्हणालो, "अप्पा, चूक पूजेची नाही. मी तिथे लावायला नको होतं. मला कळत होतं."

अप्पांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला. मग विचारलं, "म्हंजे भस्मानं त्या मीटराला राखलं, असंच न?"

"एका अर्थानं, हो."

"राखणारच की. त्यासाठीच लावतेत." त्यांच्या मिशा हलल्या. हसत होते. "पण ते मीटर घरोघर जाणार हाय. मी डबी घेऊन कुणाकुणाच्या मागं पळू? माझं वय बघा की ओ."

मग बांधाकडे तोंड करून ते ओरडले, "मन्मथा, ये, जेव. उद्या फजरीला बिगर भस्माचं बघू. उपाशी पोटी मीटर सुधरत न्हाई."

मन्मथ आला. माझ्या ताटातली गार झालेली भज्जी उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि गरम माझ्यापुढे सरकवली.

पुन्हा पूर्णा

सकाळी आम्ही जुना पडदा काढला आणि पत्रा आधी साध्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसला. कागदात गुंडाळलेला दुसरा पडदा अंथरला. वहिनींनी दारातून विचारलं, "भाऊजी, आता इकडं फुंकर बी घालायची न्हाई का?"

झाकणाच्या फटीवर पहिली ठिणगी. टक्. खणखणीत. मीटरचा आकडा तिथेच गोठला. मन्मथनं सोयाबीन बदलून ओलं केलेलं ओतलं, तरी आकडा तोच.

मन्मथ स्टुलावर बसला. दारात उभे असलेले अप्पा खिशातले दाणे चाळवू लागले, ते पाहणं मला सगळ्यात जड गेलं. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी मला हलकंही वाटलं. आता निदान कुठे दुखतंय ते दिसत होतं. बाकी सगळीकडे मीटर टिकलं होतं. फक्त ती एक फट. झाकण आणि डबीच्या मधून ठिणगी सरळ आतल्या सर्किटपर्यंत पोचत होती. वाट अडवायला आत एखादा पातळ, चिवट, पाणी न पिणारा पडदा हवा होता. तसबिरीची प्लास्टिकची काच तिथे दुमडली तर तडकत होती. साधा कागद हवेतला ओलावा ओढून पावसाळ्यात गळका झाला असता.

"मोटारीत तांब्याच्या आन लोखंडाच्या मधी काय घालतेत?" मन्मथ एकदम म्हणाला.

आम्ही दोघं जवळजवळ पळतच सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी दुधी रंगाच्या, चिवट प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी काढली. "हा फाटत न्हाई, जळत न्हाई लवकर. किती पायजे?"

"विड्याच्या पानाएवढा," मन्मथ म्हणाला.

सलीमभाईंनी कात्री खाली ठेवली. "एवढ्यासाठी दोघं धावत आलाव?"

घरी येऊन तो तुकडा फटीच्या आतून दोन्ही बाजूंना दुमडून बसवला, म्हणजे ठिणगीला आत शिरायचं तर लांबचा वळसा पडावा. झाकण लावलं. पिस्तूल टेकवलं. टक्. आकडा दिसत होता. धान्य बदललं, आकडा बदलला. मी पुन्हा पाडली, जोर वाढवून पाडली, उलट्या भारानं पाडली. दर वेळी टक्, दर वेळी धान्यागणिक नवा आकडा. मन्मथनं या वेळी मिठी मारली नाही. विचारलं, "आवाज कसा हाय?"

"कडीसारखा," मी म्हणालो.

दुपारी गोदावरीबाई आल्या. बरोबर केंद्रावरचे दोन शेतकरी आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्यांचंच सोयाबीन. ठसठशीत कुंकू, पायात बूट, आवाज मोठा. मी पडद्याबद्दल सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला.

"सायब, तुमचं पिस्तूल मला कळत न्हाई. माझ्या सोयाबीननं गोठलं व्हतं, माझ्याच सोयाबीननं बघू द्या."

त्यांनी स्वतः ओतलं. भरभर, नरसाळ्यावर घासत, मुद्दाम. बोटाची ठिणगी उडालेली सगळ्यांना ऐकू आली. एक शेतकरी मागे सरकला. आकडा आला. मग दुसऱ्या क्रेटमधलं जरा दमट, आकडा चढला. पुन्हा पहिलं, आकडा उतरला. बराच वेळ त्या हेच करत राहिल्या. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की परवा हे मीटर चुकीनं पास झालं होतं, चूक माझी होती, आणि काय बदललं ते झाकण उघडून दाखवलं. मन्मथ माझ्याकडे बघत राहिला, पण त्यानं अडवलं नाही.

गोदावरीबाईंनी तो दुधी तुकडा निरखला. "हे दर मीटरात घालणार का ह्या एकल्यातच?"

"दर मीटरात," मन्मथ म्हणाला.

त्यांनी मान हलवली, पण चेहरा अजून मोकळा झाला नव्हता. क्रेटमधलं मूठभर सोयाबीन उचलून त्यांनी अप्पांपुढे धरलं. "अप्पा, मशिनीचं मशिनीला. पंचक्रोशीत तुमच्या दाढेवर समद्यांचा इस्वास हाय. तुमी चावून सांगा, मग मी बोलते."

अप्पांनी ओंजळ पुढे करून सोयाबीन घेतलं. त्यातला एक दाणा बोटांत धरला, उजेडाकडे करून पाहिला. मला वाटलं, आता कट् ऐकू येणार.

त्यांनी तो दाणा पुन्हा ओंजळीत टाकला, टेबलाजवळ आले आणि सगळं सोयाबीन नरसाळ्यात ओतलं. एकही दाणा खाली सांडू दिला नाही. मग अंगठ्यानं बटण दाबलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

"हाच आकडा माझा बी," ते म्हणाले. "आता दाढ हालायली बाई. तिला जरा आराम देऊ."